मांगरातली ऊब

दसरा झाला की आमच्या सोसायटीत गवत कापतात. पावसाळाभर माजलेलं, कमरेएवढं झालेलं गवत माळी मशीन लावून एका सकाळी भुईसपाट करतो, आणि दुपारच्या उन्हात त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. आजूबाजूच्या बायका म्हणतात, किती छान वास येतोय. एकीनं तर त्या वासाचं सेंट मिळतं असंही सांगितलं. मी खिडकी लावून घेते. पंखा वाढवते. आणि तरी तो वास दाराखालून येतोच.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. घाटकोपरला माझ्या माहेरी सगळेच तसे. वडील ऑफिसला निघताना कुलूप ओढून बघायचे, जिन्यापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. आई स्टोव्ह विझवल्यावर त्याच्याकडे संशयानं बघत बसायची. या घरातून मी लग्न होऊन गेले ती थेट कांदिवलीच्या चारकोपात, मालवणी माणसांत. ही माणसं भुताखेतांच्या गोष्टी जेवताना सांगतात, आणि वर आणखी भात मागतात.

ऐंशीच्या दशकातलं चारकोप डोळ्यांपुढे आणायचं तर आजच्या सगळ्या इमारती मनातल्या मनात पुसाव्या लागतात. सेक्टर नुकते आखले जात होते. इथे चार बैठी घरं, तिथे अर्धवट भिंती, आणि मध्ये मैलभर गवत. खाडीकडून वारा सुटला की सगळं गवत एका बाजूला झुकायचं. माझे सासरे, म्हणजे आबा, संध्याकाळी त्या गवताकडे बघत उभे राहायचे. त्यांची गिरणी बंद पडली होती. गावची जमीन चुलत्यांकडे गेलेली. हातात काही नाही आणि समोर एवढं गवत. तिथूनच त्यांच्या डोक्यात मांगर शिरला.

मला मांगर हा शब्दच माहीत नव्हता. मी आपलं विचारलं, ‘मांगर म्हणजे गोठा का?’ आबा हसले. ‘गोठो न्हय गो. गोठ्यात नुसती गुरां. मांगर म्हणजे सगळाच.’ आणि त्यांनी काठी घेऊन अंगणातल्या मातीत रेघा ओढल्या. ‘हयसर गुरां. हयसर इलासचो कारखानो. हयसर अवजारां, पत्रे, लाकडां. आणि वर माळ्यार गवात. झालो मांगर.’

विलास म्हणजे माझा नवरा. त्याला खिडक्यांच्या ग्रिल करायचा कारखाना काढायचा होता. नव्या इमारती उठत होत्या, प्रत्येक खिडकीला ग्रिल हवीच होती. म्हणजे वेल्डिंग आलं. वेल्डिंग म्हणजे ठिणग्या. आणि आबांची काठी सांगत होती की त्या ठिणग्यांच्या बरोबर वर गवत राहणार. मी त्या मातीतल्या रेघांकडे बघत राहिले.

‘आबा, आग लागली तर?’

‘भियाव नको. गावात सगळे असेच रवतत.’

‘गावात वेल्डिंग करतात का पण?’

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘भित्याफाटी ब्रह्मराक्षस, गो.’ त्यांचं हे ठरलेलं वाक्य होतं. मी अंधारात परसात जायला घाबरले की हेच, आणि दूध उतू जाईल म्हणून समोरून हलले नाही तरी हेच.

पण विलासनं माझं ऐकलं. पुढे कितीतरी संध्याकाळी आम्ही त्या रेघांभोवती उकिडवं बसून वाद घातले. कारखाना खाडीपासून लांबच्या बाजूला घ्यायचा, म्हणजे वारा ठिणग्या बाहेर नेईल. मध्ये जमिनीपासून छपरापर्यंत पत्र्याची भिंत. गव्हाण भिंतीला नाही, उलट्या बाजूला, म्हणजे गाईचं तोंड धुराकडे येणार नाही. माळा फक्त गाईच्या बाजूला, कारखान्यावर नाही. शेण-मुताला उतार कुठून द्यायचा यावरून बापलेक दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. आज एखादा आर्किटेक्ट करणार नाही एवढा विचार आम्ही त्या काठीनं केला. मी रोज एक नवी भीती घेऊन यायचे आणि विलास रोज तिच्यासाठी एक रेघ सरकवायचा. पुढे पुढे मला वाटायला लागलं की सगळ्या बाजूंनी भीतीचा बंदोबस्त झाला आहे. भीती अशी दाराशी उभी राहून आत येऊ का विचारत नाही, हे मला तेव्हा कळायचं होतं.

जागा मुळजीभाईंची होती. ओळखीतला माणूस, पडीक वाडी, त्यांनी वापरा म्हणून दिलेली. भूमिपूजनाच्या आधी आबा त्यांच्याकडे गेले ते एकच गोष्ट विचारायला. मी बरोबर होते. आबा चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, ‘शेठ, हिकडचा राखणदार कोण?’

मुळजीभाई म्हणाले, ‘राखणदार? वॉचमन तो नहीं रखा, आबा. खाली जगा में वॉचमन क्या करेगा?’

मला हसू आवरेना. पण आबांचा चेहरा बघितला आणि हसू जिरलं. मालवणी माणसाचा राखणदार म्हणजे वॉचमन नव्हे. प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण रात्री फेरी मारतो, चुकल्या गुराला घरी आणतो, पोराबाळांवर नजर ठेवतो. काही करायचं तर आधी त्याला सांगायचं, त्याचं नाव घेऊन. आबांच्या गावात पाणंदीचा राखणदार वेगळा आणि मळ्याचा वेगळा, आणि त्यांना सगळ्यांची नावं पाठ. या जागेचं नाव मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. परतताना आबा पुढे चालत होते. रस्ताभर नुसते त्या गवताकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की एवढ्या मोठ्या जागेला कुणी नसणं हे खरंच भयाण आहे.

त्यांनी गाऱ्हाणं घातलं ते बिननावाचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं सांगितलेली विनंती. हातात नारळ घ्यायचा, एकानं बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आबा एरवी हळू बोलत. त्या दिवशी त्यांचा आवाज पार खाडीपर्यंत गेला असेल. ‘बा म्हाराजा! ह्या जाग्याचो जो कोण धनी, राखणदार आसात, तेचा नाव आमका म्हायत नाय. नाव घेतला नाय म्हणान रागाव नको, म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

‘हंय मांगर बांधतव, गुरां बांधतव, इलासचो, माझ्या झिलाचो धंदो मांडतव. तेका यश दी. पोराबाळांची राखण कर, म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

मला ते म्हणताना आधी संकोच वाटला. आमच्याकडे देव देव्हाऱ्यात, आवाज न करता. पण या होकाराचं एक असतं. तो आपण ठरवून देत नाही, शेजारच्याचा आवाज ऐकून तो आपोआप तोंडातून निघतो. आणि एकदा निघाला की शब्द दिला. सासूबाईंनी मला बजावलं होतं, ‘होय म्हाराजा म्हटलंस ना, आता मागे सरूचा नाय.’

मांगर उभा राहिला. आजही डोळे मिटले की दिसतो. बांबू, काथ्या, सिमेंटचे पत्रे, अर्ध्या उंचीच्या विटांच्या भिंती. तांबू नावाची गाय आली, गाभण. खंडेनवमीला विलासनं वेल्डिंगच्या सेटला झेंडूचा हार घातला. माझी मुलगी मनू तेव्हा वर्षाचीही नव्हती. आमच्या घरात दुपारी भट्टी व्हायची, मांगरात खाडीचा वारा, म्हणून सासूबाईंनी तिची झोळी मांगरातच टांगली. गाईच्या बाजूला, माळ्याखालच्या वाशाला. मनू तिथे झोळीत झोपायची, तांबू रवंथ करायची, पत्र्यापलीकडे विलासचं वेल्डिंग चरचरायचं. मी झोळीशी बसून त्या पत्र्याच्या भिंतीला कुठे भोक पडलंय का ते बघत राहायचे.

गवत आबांनी त्याच महिन्यात भरलं. सेक्टरच्या आखणीसाठी सरकारी लोक मैदानं साफ करत होते. कापलेलं गवत न्या म्हणाले आणि आबांनी दिवसभर भारे वाहिले. हिरवंगार गवत, वरून परतीचा एक पाऊस पडून गेलेला. तो सगळा ओला ढीग त्यांनी माळ्यावर दाबून दाबून भरला, छपरापर्यंत. इतके खूष होते की त्या रात्री जेवले नाहीत. आज विचार करते तेव्हा वाटतं, आबांनी मांगर पाहिला होता तो लहान पोराच्या डोळ्यांनी. बारा-तेरा वर्षांचे असताना ते मुंबईला आले आणि गिरणीत लागले. माळ्यावरच्या गवतात लोळलेलं त्यांना आठवत होतं. ते गवत वर चढवण्याआधी मोठी माणसं किती उन्हात वाळवत होती, ते लोळणाऱ्या पोरानं कशाला बघितलं असेल. मुंबईत आलेल्या कोकणी माणसाचं गाव असंच असतं, चित्र पुरं आणि कृती अर्धी.

पहिल्यांदा वास बदलला तो मला कळला. कच्च्या गवताचा वास गेला आणि गोडसर वास यायला लागला, गूळ कढवताना येतो तसा. मग सकाळी माळ्यावरून वाफ निघताना दिसली. मग एका दुपारी मनूला झोळीत घालताना मला तिच्या कपाळावर घाम दिसला. वारा तर चांगला होता. मी वर बघितलं. शिडी लावली, चढले, आणि गवतात हात घातला.

वर गवत कोमट होतं. कोपरापर्यंत हात गेला तशी मी ओरडून तो मागे ओढला. हात लाल झाला होता.

आबा धावत आले. मी म्हटलं, ‘आबा, आत गरम आहे.’ ते वर चढले, हात घातला, आणि बराच वेळ वरच बसून राहिले. खाली उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, घाबरले. ते हळू आवाजात म्हणाले, ‘इलो. राखणदार इलो.’

राखणदार आला म्हणत होते, आणि मी माझा लाल हात त्यांच्यापुढे धरला.

‘तो जंय बसता थंय जागो ऊन ऊन रवता. माझी आजी सांगी. नाव नाय घेतला तरी इलो बघ. हात लावचो नाय आता कोणी. तेका उठवचो नाय.’

सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि तिथेच जमिनीवर डोकं टेकलं.

त्या दुपारपासूनची भीती मला शब्दांत धरता येत नाही. याआधी मी ज्याला ज्याला घाबरले ते सगळं माझ्या डोक्यात होतं. हे माझ्या डोक्यात नव्हतं, हे माळ्यावर होतं. माहेरी एकदा रेशनच्या गव्हाचं पोतं भिजलं होतं. वडिलांनी हात घातला, म्हणाले आत ऊब धरलीय, आणि सगळा गहू चटईवर पसरला. एवढंच माझं ज्ञान. पण पोत्याची ऊब आणि ही ऊब यांत फरक होता. आणि या उबेखाली सासूबाई माझी मुलगी झोपवत होत्या, राखणदाराच्या पायाशी आहे म्हणून आणखी निर्धास्तपणे. मी मनूला घरी न्यायला निघाले की म्हणायच्या, ‘थंयच रवांदे. त्येच्या नजरेखाली आसा.’

विलासला मी पत्र्याच्या पलीकडे गाठलं. त्यानं गॉगल वर केला.

‘तुम्ही हात घालून बघितलंत?’

‘बघितलं.’

‘मग?’

‘अगं सुधा, ओल्या गवताला थोडी गर्मी येतेच. बसेल आपोआप.’ मग त्यानं वडिलांकडे बघितलं. ते दारात बसून गाईशी गप्पा मारत होते. ‘गिरणी गेल्यापासून पहिल्यांदा हसतायत गं. राहू दे ना चार दिवस.’

खरं होतं ते. आबा हसत होते. मुळजीभाईंना भेटून सांगून आले होते की राखणदार मिळाला, आणि मुळजीभाईंनी विचारलं होतं, ‘पगार क्या लेगा?’ आबांनी ते घरी येऊन आम्हाला हसत हसत सांगितलं. अशा माणसाला जाऊन काय सांगायचं, की तुमचा देव म्हणजे कुजणारं गवत आहे? मी काहीच सांगितलं नाही. दिवसभर मनूला कडेवर घेऊन मांगराबाहेर उन्हात फिरत राहायचे, तिला ताप आलाय, तिला आत चैन पडत नाही, अशा थापा मारत. हात दुखून यायचे. आणि तो गोड वास दिवसेंदिवस कडू होत चालला. आता गूळ कढत नव्हता, जळत होता.

आज मनूला हे सांगितलं तर ती म्हणते, ‘आई, तू सरळ ओरडायचं होतंस ना.’ तिचं बरोबर आहे, पण ती तिच्या काळातलं बोलते. मी ओरडले असते तर सासूबाईंकडे त्यांचं वाक्य तयारच होतं. भित्र्या माणसाची हीच पंचाईत असते. तो रोजच घाबरतो, त्यामुळे ज्या दिवशी खरं घाबरण्यासारखं असतं त्या दिवशीही त्याच्या घाबरण्याला कोणी भाव देत नाही.

मग आबांनी राखणदाराचं आभाराचं गाऱ्हाणं ठेवलं. भर दुपार. तांबूला दावणीवरच ठेवलेलं, मनू झोळीत, सासूबाईंनी मला घालायलाच लावलं. आम्ही चौघं माळ्याकडे तोंड करून उभे. आबांच्या हातात नारळ. ‘बा म्हाराजा! तुझा नाव आमका म्हायत नाय, तरी तू इलंस, आमच्या मांगरात बसलंस...’

‘होय म्हाराजा!’

मी माळ्याकडे बघत होते. फटीतून निळसर काहीतरी निघत होतं आणि पत्र्याखाली जमत होतं. ती वाफ नव्हती. मी विलासकडे बघितलं, त्याची मान खाली. सासूबाईंचे डोळे मिटलेले. आबा श्वास घ्यायला थांबले. आणि माझ्या तोंडातून आवाज आला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत हे मला माहीत होतं. मालवणी तर मला येतच नव्हती.

‘महाराजा,’ मी म्हटलं, ‘तुम्ही आलात, आम्हाला आधार वाटला. पण आम्ही तुम्हाला ओल्या गवतावर बसवलं. ही आमची चूक झाली, ती पदरात घ्या, महाराजा.’

आणि विलास म्हणाला, सवयीनं, ‘होय म्हाराजा.’

‘खाली आमची पोर झोपते. गाय गाभण आहे. तुम्ही जरा खाली उतरा आणि अंगणात येऊन बसा. गवत आम्ही आत्ताच्या आत्ता बाहेर काढतो, उन्हात वाळवतो. मग तुम्ही परत वर जा, महाराजा.’

‘होय म्हाराजा!’ या वेळी सासूबाई. डोळे मिटलेलेच होते. मग त्यांनी ते उघडले आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. पण शब्द गेला होता.

आम्ही तिघांनी आबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी एकदा माळ्याकडे मान वळवली, आणि अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाले, ‘होय म्हाराजा.’

मी मनूला झोळीतून उचलून पळाले. सासूबाईंनी तांबूला सोडलं. विलास आणि आबा वर चढले आणि आकडीनं गवत ओढून खाली टाकायला लागले. वरचे थर पिवळे होते, मग तपकिरी, मग तंबाखूसारखे काळे. मधला गाभा अंगणात पडला, वारा लागला, आणि भक्कन पेटला. सासूबाईंनी गाईच्या पाण्याचं पिंप तसंच ओतलं. वाडीतल्या विहिरीवरून बादल्या, पुन्हा बादल्या. माळ्याचे वासे करपले होते, आणि झोळीचा दोर बांधला होता तो वासा सगळ्यांत जास्त. विलास वरून खाली आला, त्या वाशाकडे बघितलं आणि मनूला माझ्याकडून घेऊन छातीशी धरून उभा राहिला. तो तिला कितीतरी वेळ खाली ठेवेना.

सासूबाई मनूला आणि गाईला घेऊन घरी गेल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, पण ब्रह्मराक्षसाचं नाव काढलं नाही. विलास जळके वासे उतरवत होता. आबा मात्र त्या काळ्या ओल्या ढिगाशी जमिनीवर बसले होते. मूठभर गवत हातात घेऊन चुरत होते. मी जवळ गेले. मला वाटलं, रागावतील, की मी त्यांच्या गाऱ्हाण्यात बोलले, देवाला माळ्यावरून खाली उतरवलं.

‘आबा, घरी चला.’

त्यांनी मूठ उघडली. काळा भुगा खाली सांडला.

‘तो नव्हतो गो,’ ते म्हणाले.

त्यांनी हात मातीत पुसला.

‘वास माका पण येय होतो. माका कळत होता.’ समोर खाडीपर्यंत कापलेलं उघडं मैदान होतं, त्याच्यावर ऊन, आणि कुठेच कोणी माणूस नव्हता. ‘पण तो नाय, तर मगे हंय आमचो कोण आसा? माका भय वाटता गो.’

या घरात आल्यापासून मला सगळ्यांनी भिऊ नको एवढंच सांगितलं होतं. आबांनी तर रोज. मी त्यांना ते सांगू शकले नाही. मी खाली बसले, त्यांच्या शेजारी, मातीत.

‘मलाही वाटतं, आबा,’ मी म्हटलं.

ते जरासे सरकले आणि त्यांनी मला बसायला कोरडी जागा करून दिली. मग ढीग पूर्ण थंड होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.